एडिटिंगचा डेस्कटॉप: सुटे भाग घेऊन जोडायचा की तयार ब्रँडेड घ्यायचा?

फ्रेम_मिरज (धागाकर्ते)

स्टुडिओतली दोन मशिनं एकदमच बदलायची आहेत. एक काउंटरवरचं: बिलं, टॅली, अल्बमची जुळवाजुळव, ग्राहकाला फोटो दाखवणं. दुसरं लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगचं. कॅमेरा ४के, १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारा प्रकार), एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत). सॉफ्टवेअर प्रीमियर प्रो.

एडिटिंगच्या मशिनमध्ये सध्या आय५-७५०० आहे. मध्यंतरी त्यात १६ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅमच्या काड्या (वेग ३२०० लिहिलेल्या) आणि आरटीएक्स ३०६० १२ जीबी कार्ड टाकलं. टाइमलाइनवर क्लिप टाकली की अडखळते, प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या प्रती) केल्याशिवाय काम होत नाही. काउंटरचं मशिन त्याहून जुनं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि दोन्हींपैकी एकही विंडोज ११च्या यादीत बसत नाही.

मॉनिटर सोडून दोन्ही मिळून सव्वा लाखापर्यंत बसवायचं आहे. एक डीलर म्हणतो दोन्ही ब्रँडेड घ्या, डोक्याला ताप नाही. दुसरा म्हणतो दोन्ही असेंबल करून देतो, त्याच पैशात दुप्पट मशिन. कोणाचं ऐकायचं?

---

बारा_व्होल्ट

दोघांचंही अर्धं-अर्धं ऐका. काउंटरचं तयार घ्या, एडिटिंगचं जोडा.

काउंटरच्या मशिनमध्ये तुम्हाला निवडण्यासारखं काही नाही. आय३ किंवा आय५, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), बस. असलं मशिन कंपन्या हजारोंनी बनवतात, सुटे भाग घेऊन तुम्ही त्या किमतीखाली जाऊ शकत नाही, त्यात विंडोजचं लायसन्स वेगळं घेतलं तर नाहीच नाही. घेताना दोन गोष्टी बघा. जाहिरातीत 'डॉस' किंवा 'उबुंटू' लिहिलेलं मशिन स्वस्त दिसतं, कारण त्यात विंडोज नसतं. तो फरक नंतर खिशातूनच जातो. आणि ८ जीबीची एकच काडी येते. दुसरा स्लॉट मोकळा आहे ना, ते आधी विचारा. एकच काडी असली की मेमरी एकाच चॅनलवर चालते आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा सगळ्यात जास्त फटका बसतो.

एडिटिंगच्या मशिनचं गणित तुमच्याकडे आधीपासून असलेल्या दोन वस्तूंनी ठरतं: ३२ जीबी डीडीआर४ आणि ३०६०. २०२५च्या शेवटापासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव उसळलेत. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने 'क्रूशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात हातातल्या ३२ जीबी बाजूला ठेवून नवी डीडीआर५ घेणं मला तरी पटत नाही.

आता अडखळण्याबद्दल. बहुतेक जण म्हणतील कार्ड बदला. पण ३०६०ला एच.२६५ ४:२:२ हार्डवेअरवर उलगडताच (डिकोड करताच) येत नाही, ४:२:०च येतं (आणि ४:४:४, जे इथे कामाचं नाही). त्यामुळे सगळा भार आय५-७५००च्या चार कोअरवर पडतो, आणि ते चार कोअर गुडघे टेकतात. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरांतलं अंगचं ग्राफिक्स मात्र हे ४:२:२ उलगडतं. व्हिडिओ हाताळणाऱ्या त्या ग्राफिक्समधल्या भागाला क्विक सिंक म्हणतात; जुन्या पिढ्यांत तो असला तरी त्याला ४:२:२ जमत नाही. एनव्हिडियाकडे ही सोय आरटीएक्स ५० मालिकेत आली. म्हणजे पर्याय दोन: नवं ५० मालिकेतलं कार्ड, किंवा असा क्विक सिंकवाला नवा प्रोसेसर आणि जुनं कार्ड तसंच. प्रोसेसर तर तुम्हाला बदलायचाच आहे.

म्हणून आय५-१४५०० आणि बी७६० चिपसेटचा डीडीआर४ मदरबोर्ड. बी७६० दोन्ही प्रकारांत मिळतो, डीडीआर४वाल्याच्या नावात बहुधा 'डी४' असतं. चुकून डीडीआर५चा आणलात तर काडीची खाच जुळणारच नाही, जोर लावू नका. १४४०० घेऊ नका असं म्हणत नाही, पण त्यात यूएचडी ७३० आहे आणि कोडेकचं एकच इंजिन. १४५००मध्ये यूएचडी ७७० आणि दोन इंजिनं. बहुकॅमेरा टाइमलाइनवर हा फरक जाणवतो. आणि नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर, उदा. १४४००एफ, अजिबात नको. एफ म्हणजे अंगचं ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंक नाही. डीलर हमखास एफ सुचवतो, 'कार्ड आहेच की तुमच्याकडे' म्हणून.

---

पक्कं_बिल

बारा_व्होल्ट, तांत्रिक भाग मान्य. पण 'डोक्याला ताप नाही' हे डीलरचं वाक्य इतकं हलक्यात काढू नका. मे महिन्यात, लग्नसराईत मशिन बंद पडलं तर?

ब्रँडेडमध्ये ३ वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घेतली तर माणूस दुकानात येतो. जोडलेल्या मशिनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी: बॉक्समधल्या प्रोसेसरला ३ वर्षं, बोर्डाला साधारण ३, एसएसडीला ३ ते ५, चांगल्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) ५ ते १०. कागदावर हे ब्रँडेडपेक्षा जास्त भरतं. पण कोणता भाग गेला हे तुम्ही शोधायचं, सोडवून तुम्ही द्यायचा, परत येईपर्यंत तुम्ही थांबायचं. सर्व्हिस सेंटर सांगली-मिरजेत नसेल तर पुण्याला कुरियर. ब्रँडेडवाल्याला मात्र ऑर्डरआधी आपला पिनकोड देऊन विचारा. 'ऑनसाइट' छापलेलं असतं, पण सगळ्या पिनकोडांना ते लागू असेलच असं नाही.

सुटे भाग घेणार असाल तर पक्कं बिल. कच्च्या बिलावर दोन-तीन हजार वाचतात आणि तिथेच वॉरंटीचा वाद सुरू होतो. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. ट्रे प्रोसेसर, म्हणजे बॉक्सशिवाय मिळणारा, स्वस्त असतो. त्याला कंपनीची बॉक्सवाली वॉरंटी नसते, दुकानदाराच्या शब्दावर विसंबावं लागतं. परदेशातून परस्पर आलेल्या मालालाही भारतातली वॉरंटी बहुधा मिळत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलं तरी हेच नियम.

तुमची नेहमीची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटीआयएन टाकायला सांगा. १८ टक्के कर आहे. १ लाखाच्या मालावर १८ हजार इनपुट क्रेडिटमध्ये परत धरता येतात. कच्च्या बिलाने वाचलेले तीन हजार याच्यासमोर ठेवून बघा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर हे क्रेडिट नाही. आयकरात संगणकावर घसारा ४० टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्याच्या निम्माच. खरेदी ऑक्टोबरच्या आधी की नंतर, याचा विचार सीएला करू दे.

---

फ्रेम_मिरज

दोघांचे आभार. मग मधला मार्ग: ब्रँडेड टॉवर घेतला, त्यात आय५-१४५०० आहेच, आणि माझं ३०६० त्यात बसवलं तर? वॉरंटीही राहिली, कार्डही वापरलं गेलं.

---

बारा_व्होल्ट

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच फुकट जातात.

ऑफिसवाल्या ब्रँडेड टॉवरमध्ये एसएमपीएस साधारण १८० ते ३०० वॉटचा असतो. ३०६० एकटं १७० वॉट मागतं. बोर्डाच्या स्लॉटमधून त्याला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, बाकीचे ८ पिनी केबलमधून यावे लागतात. ती केबलच अशा एसएमपीएसला नसते. सीपीयूच्या केबलला किंवा साटाला (हार्डडिस्कच्या वीजकेबलला) ॲडॉप्टर लावून काम भागवायला कोणी सांगितलं तर दुकानातून बाहेर पडा. साटाच्या कनेक्टरची क्षमता ५४ वॉट आहे, तो वितळतो.

मग एसएमपीएसच बदलू, असं वाटेल. बाजारातल्या प्रमाणित एसएमपीएसला बोर्डासाठी २४ पिनांचा कनेक्टर असतो. पुष्कळ ब्रँडेड बोर्डांवर त्याऐवजी कंपनीचा स्वतःचा, कमी पिनांचा असतो, आणि हार्डडिस्कची वीजही बोर्डातूनच घेतलेली असते. एसएमपीएसचा आकारही वेगळा. बोर्ड बदलायला जाल तर समोरच्या बटणांची वायर जुळत नाही, मागची जाळी कॅबिनेटलाच ठोकलेली असते. बारीक कॅबिनेट असेल तर कार्ड उभंच राहत नाही, अर्ध्या उंचीचं लागतं. काउंटरसाठी यातलं काहीही आडवं येत नाही, म्हणून तिथे तयारच मशिन बरं.

वर्कस्टेशन किंवा गेमिंग म्हणून विकले जाणारे ब्रँडेड टॉवर वेगळे, त्यांत मोठा एसएमपीएस असतो. पण त्यांत रॅम आणि कार्ड आधीच भरलेलं, त्याचे पैसे तुम्ही दुसऱ्यांदा देणार.

पक्कं_बिल यांचा लग्नसराईचा मुद्दा खरा आहे. त्यावर माझा उपाय: चालू प्रोजेक्ट दुसऱ्या ड्राइव्हवर रोज कॉपी, आणि एक जादा एसएमपीएस कपाटात. जोडलेल्या मशिनमध्ये वीज आणि धूळ यांच्यामुळे सगळ्यात आधी जातो तो एसएमपीएस, आणि तो बदलायला अर्धा तास लागतो.

आता त्याच्याबद्दलच. कॅबिनेटसोबत येणाऱ्या '४५० वॉट'च्या डब्यावर मोठे आकडे वाचू नका, बारीक अक्षरांतली १२ व्होल्टची ओळ वाचा. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ × १६ = १९२ वॉट. आजकाल प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे तो डबा खरं तर १९२ वॉटचाच. तुमची बेरीज अशी: १४५००ला कमाल टर्बोला १५४, कार्डाला १७०, बोर्ड-पंखे-ड्राइव्ह मिळून साधारण ६०. झाले ३८४. यावर ६५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. ८० प्लस हा शिक्का फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. आतला माल चांगला की वाईट हे त्यावरून कळत नाही, वॉरंटी किती वर्षांची यावरून बरंच कळतं. जुन्या मशिनमधला एसएमपीएस काढून लावू नका.

यूपीएस ६००व्हीएचा असेल तर तो बाद. ६००व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. रेंडर चालू असताना लाइट गेली की यूपीएसही लगेच मान टाकेल. दोन मॉनिटर धरून किमान १०००व्हीए, ६०० वॉटवाला. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत नव्हे तर पायऱ्यांची लहर देतो, काही ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या) एसएमपीएसना ती चालत नाही आणि मशिन त्याच क्षणी बंद पडतं. घेण्याआधी दुकानात भार लावून प्लग काढून बघा.

---

स्टँडऑफ_मोजा

जोडणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

सगळं आधी कॅबिनेटच्या बाहेर चालवून बघा. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा (चंदेरी पिशवीवर नको, ती बाहेरून वीज वाहू शकते). प्रोसेसर, कूलर, रॅमची एक काडी, २४ पिनी आणि वरच्या कोपऱ्यातला ८ पिनी सीपीयूचा कनेक्टर. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला. पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या की चालू झालं पाहिजे. बायोस (बोर्डाच्या सेटिंगची स्क्रीन) दिसला की मग कॅबिनेट. आत सगळं बसवल्यावर दोष शोधणं तिप्पट वेळखाऊ.

या प्रोसेसरच्या पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. त्यातली एक वाकली तर वॉरंटी संपली, म्हणून प्रोसेसर सरळ खाली ठेवा, सरकवू नका. सॉकेटची दांडी लावताना करकर आवाज येतो आणि बराच जोर लागतो, ते बरोबर आहे. काळं प्लास्टिकचं झाकण आधी काढायचं नाही, दांडी लावली की आपोआप उडतं. ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत देताना मागतात.

१४५००च्या बॉक्समध्ये कूलर येतो, त्याला पेस्ट लावलेलीच असते. चार खिळे समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि बोर्ड उलटा करून चारही आरपार आलेत का ते बघा. तीन बसले आणि एक लोंबकळत राहिला, ही नेहमीची चूक. मशिन चालतं, पण रेंडरला तापून मंदावतं. तासभराचे रेंडर असतील तर हा कूलर काढा आणि १२० मिमी पंख्याचा उभा कूलर लावा. बहुतेक उभ्या कूलरांची उंची १५५ ते १६० मिमीच्या घरात असते, कॅबिनेटला ती झेपते का ते आधी बघा. त्याच्या तळाला पारदर्शक फिल्म असते, ती काढायची. हसू नका, ती तशीच ठेवून बसवलेले कूलर दुरुस्तीला येतात.

बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खुंट) बोर्डाच्या भोकांइतकेच हवेत. एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या मागे टेकून शॉर्ट करतो.

रॅम: दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी नोंद) चालू करा. जुन्या बोर्डावर याच काड्या २४००ला चालत होत्या. एक्सएमपी विसरलात तर नव्या बोर्डावरही ३२०० मिळतीलच असं नाही.

आणि या धाग्यात जे सगळ्यात महत्त्वाचं ते: ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच बोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' किंवा तशा नावाची नोंद चालू करा, मग विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही दिसले पाहिजेत. त्यानंतर प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये इंटेलचं डिकोडिंग टिक करा. हे न करता 'नवं मशिन घेऊनही अडखळतंय' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

विंडोज टाकण्यापूर्वी बोर्डाचा लॅन ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. विंडोज ११ इन्स्टॉल करताना इंटरनेट मागतं, आणि नव्या बोर्डाचं नेटवर्क त्याला ओळखता आलं नाही की तिथेच अडतं.

---

रात्रीचा_रेंडर

एक भर. बी७६० बोर्ड बऱ्याचदा प्रोसेसरची वीजमर्यादा पूर्ण उघडी सोडतात. बायोसमध्ये पीएल१ (सलग चालतानाची वीजमर्यादा) ९०-१०० वॉटला बांधा. लांब रेंडरला वेग थोडाच कमी होतो, पंख्याचा आवाज मात्र बराच उतरतो.

आय७ किंवा आय९ घ्यायचा मोह झाला तर लक्षात ठेवा: १३व्या-१४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होण्याचा दोष होता. इंटेलने २०२४मध्ये मायक्रोकोडमध्ये (प्रोसेसरच्या अंगच्या सूचनांमध्ये) दुरुस्ती दिली आणि ठरावीक मॉडेलांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर घेतलात तर विंडोज टाकायच्या आधी बायोस अद्ययावत करा. आणि सेकंडहँड आय९ कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

आय५-७५००वालं जुनं मशिन भंगारात देऊ नका. ८ जीबीची काडी टाकून त्यावर लिनक्स बसवा, दोन मोठ्या हार्डडिस्क लावा, झाला बॅकअप सर्व्हर. विंडोज ११ त्याला चालत नसलं तरी या कामाला ते भरपूर आहे.

---

फ्रेम_मिरज

काउंटरचं ब्रँडेड, ३ वर्षं ऑनसाइट. एडिटिंगचं सुट्या भागांचं, पक्क्या बिलावर. ठरलं. दोन शेवटचे प्रश्न. पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरले पण डिस्प्ले आला नाही तर कुठून सुरुवात करू? आणि सध्याच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ते नव्यात बंद होईल का?

---

स्टँडऑफ_मोजा

पहिल्याचं उत्तर: आधी मॉनिटरची केबल कुठे लावली ते बघा. कार्ड बसवलेलं असेल तर ती कार्डालाच हवी. मग सीपीयूचा ८ पिनी कनेक्टर. तो राहून गेला तरी पंखे फिरतात, म्हणून फसायला होतं. मग रॅम काढून एकच काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही कडांना टक् आवाज येईपर्यंत. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतील तर जो लागून राहतो तिथे दोष. तरीही नाही तर मशिन बंद करून, प्लग काढून, बोर्डाच्या बटणसेलजवळच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग मूळपदावर आणणाऱ्या) दोन पिना दहा सेकंद जोडा.

---

बारा_व्होल्ट

झिणझिण्यांचं: नव्या मशिनने बंद होणार नाहीत. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोघांची दुसरी टोकं कॅबिनेटला जोडलेली. अर्थिंग नसलं की कॅबिनेट २३० व्होल्टच्या मध्यावर, म्हणजे सुमारे ११५वर तरंगतं. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात, पण एचडीएमआयची केबल चालू मशिनला लावताना तोच करंट कार्डाच्या किंवा मॉनिटरच्या पोर्टमधून वाट काढतो.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून बरंच जास्त दिसलं, किंवा फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या आसपास येत नसेल, तर नवे भाग जोडायच्या आधी वायरमनला बोलवा. स्वतः मोजायची सवय नसेल तर हे मोजणंही त्यालाच करू द्या.